पोकरची साइट तपासायची तर आधी पैसे काढून बघा

एकाने विचारलंय, थोडक्यात असं: "चार वर्षं पुण्यात ऑनलाइन पोकर खेळलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळं बंद पडलं, शिल्लक पैसे परत मिळाले. आता नोकरीसाठी न्यू जर्सीत एडिसनला आलोय. ३,००० डॉलर बाजूला काढलेत आणि यावेळी टाइमपास नको, नीट खेळायचंय. इथल्या परवानाधारक साइट्सवर गर्दी कमी वाटते. ऑफिसातला एकजण बाहेरदेशाची साइट सुचवतो, क्रिप्टोने पैसे भरायचे, टेबलं भरलेली, पहिल्या भरण्यावर शंभर टक्के बोनस. पुण्यातला मित्र म्हणतो, माझ्या क्लबात ये, ॲपवर आहे. कुठली साइट चांगली?"

तुम्ही विचारलंत साइटबद्दल, पण या तीन पर्यायांमधला खरा फरक साइटचा नाहीच. तुमचे ३,००० डॉलर कोणाच्या हातात राहणार, फरक त्याचा आहे. साइटवर पैसे भरले की स्क्रीनवर जो आकडा दिसतो, तो म्हणजे कंपनी तुमचं देणं लागते एवढी नोंद. तुम्ही त्या कंपनीला हातउसने दिलेले असतात. पीएमसी बँक आठवत असेल. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. पासबुकातला आकडा मात्र तसाच होता. ती तर बँक होती, ठेवींना विमा होता, तेव्हा एक लाखाचा, पुढे पाच लाखांचा. पोकर साइटवरच्या शिल्लकीला तसला काही विमा नसतो.

मी २००६ पासून ऑनलाइन खेळते आणि न्यू जर्सीत आले त्याला आता पंधराहून जास्त वर्षं झाली. दिवसा ऑडिटची नोकरी, रात्री आठवड्यातले आठ-दहा तास टेबलावर. माझं घर पोकरवर चालत नाही, पण वही दरवर्षी नफ्यात बंद होते. ऑडिटची सवय असल्यामुळे असेल, कुठलीही साइट मी उलट्या टोकाकडून बघते. सॉफ्टवेअर किती चकचकीत, रंग कसे, फोनवर कसं दिसतं हे सगळ्यात शेवटी. आधी पैसे बाहेर येतात का, मग बसायची किंमत किती, मग टेबलावर कोण बसलंय.

पैशांचं मी इतकं का धरून बसते, ते एका तारखेवरून कळेल. १५ एप्रिल २०११, शुक्रवार. अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट-अल्टिमेटबेट या पोकर साइट्सवर आरोपपत्रं उघड केली, वेबसाइटचे पत्ते जप्त केले. पोकरवाले त्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. तिन्हींवर संकट एकच, एकाच दिवशी आलं. पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत परत द्यायला सुरुवात केली, कारण ते वेगळ्या खात्यात पडून होते. फुल टिल्टकडे मात्र, अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार, मार्च २०११ अखेर खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर होतं आणि बँकेत शिल्लक सुमारे ६ कोटी. त्याआधीच्या चार वर्षांत मालक-संचालकांना सुमारे ४४ कोटी डॉलर वाटले गेले होते. फुल टिल्टच्या अमेरिकी खेळाडूंना पैसे मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडला, तेही पोकरस्टार्सने २०१२ मध्ये सरकारशी तडजोड करून ती कंपनी उचलली म्हणून. ॲब्सोल्यूटच्या खेळाडूंसाठी दाव्यांची प्रक्रिया उघडली ती २०१७ मध्ये.

यातली चकवणारी गोष्ट म्हणजे १४ एप्रिलपर्यंत फुल टिल्ट ही उत्तम साइट होती. सॉफ्टवेअर तिचंच चांगलं होतं, टीव्हीवरचे मोठे खेळाडू तिच्याच टेबलांवर बसायचे, रेकबॅक द्यायची, म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात लागलेल्या पैशांतून) साइट कापते त्या रेकमधला काही भाग परत करायची. आणि परवानाही होता, इंग्लिश खाडीतल्या ॲल्डर्नी नावाच्या बेटाचा. म्हणजे नुसता परवाना आहे का हे विचारून भागत नाही. तो परवाना खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवायला भाग पाडतो का, हे विचारायचं. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशनच्या नियमाने प्रत्येक साइटला सांगावंच लागतं की कंपनी बुडाली तर खेळाडूंचे पैसे असंरक्षित आहेत, मध्यम संरक्षण आहे की उच्च. न्यू जर्सीत नियम आणखी सरळ आहे: खेळाडूंची रक्कम चालू खर्चाच्या खात्यापासून वेगळ्या बँक खात्यात ठेवायची, आणि दिवसअखेर खेळाडूंची काढता येणारी एकूण शिल्लक जेवढी, तेवढे तरी पैसे त्या खात्यात असलेच पाहिजेत. शिवाय इथला ऑनलाइन परवाना अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोला जोडलेला असतो. वाद झालाच तर डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंट या राज्याच्या नियामकाकडे तक्रार करता येते, आणि तिथे माणूस उत्तर देतो.

आता ऑफिसातल्या मित्राची साइट. मी हा शहाणपणा फुकट मिळवलेला नाही. २०१४ च्या सुमारास अशाच एका बाहेरच्या साइटवर माझे १,९०० डॉलर होते. टेबलं खरोखरच भरलेली, खेळ ढिसाळ, मी खुशीत. पहिले दोन कॅशआउट आठवड्याभरात आले. तिसरा टाकला तो 'प्रलंबित'. पंधरा दिवसांनी मेल आला की पेमेंट प्रोसेसर बदलतोय. महिन्याने आणखी एक, शब्द तेच, खालचं नाव वेगळं. गंमत म्हणजे भरणा मात्र सेकंदात होत होता. तेव्हा कळलं की त्या साइटवरचे डॉलर खेळाडू एकमेकांना बाहेर विकताहेत, साइटवरचा एक डॉलर खऱ्या ४० सेंटला. मी त्याच भावाने विकून मोकळी झाले, ७६० हातात आले. घेणारा नंतर माझ्याहून जास्त रडला असणार.

त्यातून एक खूण कायमची शिकले. साइटवरचा डॉलर बाहेर डॉलरलाच जातो का, ते बघा. भाव ९० सेंटवर आला तरी बाजाराला काहीतरी कळलेलं असतं, कंपनीच्या निवेदनात ते यायला अजून सहा महिने असतात. आणि भरलेली टेबलं हा पुरावा नव्हे. पैसे बाहेर निघत नसले की लोक तिथेच खेळत बसतात, करणार काय? गर्दी त्यानेही वाढते.

क्रिप्टोने पैसे लवकर येतात हे खरं आहे, पण तो साइटच्या इच्छेचा वेग आहे. द्यायचं नसेल तर क्रिप्टोतही मिळत नाही, आणि बँकेकडे जाऊन तक्रार करायची वाटही उरत नाही.

पुण्यातल्या मित्राच्या क्लबाबद्दल स्पष्टच सांगते, नको. ॲपवर दिसतात त्या नुसत्या चिप्स, त्यांना तिथे किंमत नाही. खरा हिशेब बाहेर होतो, एजंटच्या यूपीआयवर किंवा रोख. रेक किती हे क्लबवाला ठरवतो, त्यातला वाटा एजंटला जातो. एखाद्या मोठ्या हरणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं की जिंकलेल्याचे पैसे थांबतात. मैत्री आणि उधारी दोन्ही एकदम बुडवायचा हा खात्रीचा मार्ग. वर कायदा आहेच. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशांचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद तिथे चालत नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण तुमचा मित्र खेळणारा नाही, चालवणारा आहे. त्याच्या खात्यावर तुमच्या नावाचे व्यवहार कशाला? आणि एडिसनला बसून त्या क्लबात खेळलात तर तो न्यू जर्सीच्या परवान्यातही बसत नाही. त्याला भेटायला जाल तेव्हा गोव्यात मांडवीतल्या बोटीवर समोरासमोर बसा दोघं, हौस फिटेल.

म्हणजे राहिल्या इथल्या परवान्याच्या साइट्स. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. इथे मालक बदलतात, ब्रँड बदलतात, आज लिहिलेलं वर्षभरात खोटं ठरतं. त्यातली कुठली हे तुमच्यावर अवलंबून आहे: कॅश गेम की टूर्नामेंट, रात्री किती वाजता बसणार, किती टेबलं एकदम खेळणार. टूर्नामेंटवाल्याला रविवार संध्याकाळची गॅरंटी, म्हणजे साइटने हमी दिलेली बक्षिसाची रक्कम, महत्त्वाची, कॅशवाल्याला मंगळवारी रात्री साडेनऊला किती टेबलं चालू आहेत ते. तुम्ही सांगितलं नाहीत, मी कॅश गेम धरून चालते.

गर्दी कमी वाटते म्हणालात. बरोबर आहे, आणि लॉबीत, म्हणजे चालू टेबलांच्या यादीत, दिसते त्याहूनही ती कमी असते. साइट निवडायच्या आधी मी दोन आठवडे एक पैसा न भरता फक्त लॉबी बघते आणि वहीत लिहिते. एक नोंद अशी आहे: मंगळवार, रात्री ९:४०, अर्धा-एक डॉलरची (म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा तेवढ्या) ६ जणांची ७ टेबलं, ३८ जागा भरलेल्या. मग प्रत्येक टेबल उघडून नावं लिहिली. सात नावं चार-चार टेबलांवर होती, म्हणजे २८ जागा त्यांच्याच. उरलेल्या १० जागांवर १० वेगळी माणसं. ३८ जागा, डोकी १७. त्यातले सात रेग, रोजचे घासलेले. अशा ठिकाणी तुम्ही आठवा रेग म्हणून बसणार आणि दहा हौशी लोकांचे पैसे आठ जणांत वाटून घेणार, रेक वजा जाता. पाव-अर्धा डॉलरच्या टेबलांवर त्याच रात्री चित्र पुष्कळ बरं होतं. वेगवेगळ्या दिवशी, तुमच्या वेळेला अशा सात-आठ नोंदी केल्यात की कुणाला विचारायची गरज राहत नाही.

एक गोष्ट मात्र लॉबी बघण्याआधी विचारून घ्या: ती साइट दुसऱ्या राज्यांशी जोडलेली आहे का. न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा फक्त राज्याच्या हद्दीतलेच लोक एकमेकांशी खेळू शकत. पुढे राज्याराज्यांचा करार झाला. नेवाडा आणि डेलावेअर आधीपासून, न्यू जर्सी २०१७ मध्ये, मिशिगन २०२२, वेस्ट व्हर्जिनिया २०२३, आणि एप्रिल २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया. पण राज्यं करारात आहेत म्हणून प्रत्येक साइटने आपली टेबलं जोडलेली असतातच असं नाही. कुणी दोन राज्यं जोडली, कुणी जास्त. एकट्या राज्याच्या साइटवर आठवड्यातल्या दोन रात्री टेबलच लागत नाही.

आता बसायची किंमत, म्हणजे रेक. इथे तुम्हाला पुण्याची एक सवय मोडावी लागेल. ऑक्टोबर २०२३ पासून तिकडे १०० रुपये भरले की त्यातले २१.८८ जीएसटीत जायचे, आणि बऱ्याच साइट्स तेवढाच बोनस देऊन भरपाई करायच्या. त्यामुळे बोनस बघूनच साइट ठरवायची सवय पुष्कळांना लागली. इथे आधी रेकचा तक्ता उघडा.

साधारण रिवाज असा की पॉटच्या ५ टक्के, आणि त्यावर कमाल मर्यादा. समजा मर्यादा ३ डॉलर. ६० डॉलरच्या पॉटला ३ जातात, २०० डॉलरच्या पॉटलाही ३ च, म्हणजे तिथे दर दीड टक्क्यावर आला. पण पाच-दहा सेंटच्या टेबलावर पॉट दीड डॉलरचा, रेक साडेसात सेंट, मर्यादा कधी लागतच नाही. पूर्ण पाच टक्के प्रत्येक वेळी. छोट्या टेबलांवर रेक सगळ्यात जड पडतो तो असा, आणि नवीन माणूस नेमका तिथून सुरुवात करतो. तक्त्यात आणखी दोन गोष्टी बघा. फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन उघडे पत्ते, पडलाच नाही तर रेक घेतात का? आणि तीनच जण बसले असताना मर्यादा खाली येते का?

मग रेकबॅक. समजा रेक धरायच्या आधी तुम्ही १०० हातांमागे (हात म्हणजे एक डाव) ९ बिग ब्लाइंड (सुरुवातीच्या सक्तीच्या पैजांपैकी मोठी) जिंकता. पहिल्या साइटवर रेकमध्ये ८ जातात, पण २५ टक्के परत, म्हणजे २ आले. हातात राहिले ३. दुसऱ्या साइटवर रेकबॅक शून्य, रेक मात्र साडेपाच. हातात साडेतीन. अर्धा-एक डॉलरच्या टेबलावर ५०,००० हातांत २५० डॉलरचा फरक, आणि तो जाहिरात न करणाऱ्या साइटच्या बाजूने. शंभर टक्के बोनसचंही तेच. तो एकदम मिळत नाही, रेक भरत जाल तसा थेंबथेंब सुटतो आणि मुदत संपली की उरलेला जातो. तो सोडवायला लोक दमलेले असताना बसतात, आपल्या ऐपतीच्या वरच्या टेबलावर चढतात. बोनस हा वरचा गूळ आहे, पोळी कशाची केलीय ते बघा.

"पत्ते फिक्स असतात का?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिला मोठा पॉट नदीवर, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावर, हरलात की विचाराल. पिसण्याच्या यंत्रणेत घोळ झालेला आहे, पण तो तक्रार करणाऱ्यांच्या कल्पनेतला नाही. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायची, तिने आपलं पत्ते पिसण्याचं गणित लोकांचा विश्वास बसावा म्हणून जाहीर करून टाकलं. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजमधल्या मंडळींनी ते वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पिसणं सुरू होतं ते मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्या आकड्यावरून. ५२ पत्त्यांच्या मांडण्या म्हणजे ६८ अंकी संख्या, आणि इथे शक्यता उरल्या फक्त ८ कोटी ६४ लाख. घड्याळ साइटच्या घड्याळाशी जुळवलं की आणखी कमी. स्वतःचे दोन पत्ते आणि फ्लॉप दिसला की बाकीचे सगळे सांगता येत होते. आजच्या परवान्याच्या साइट्सवर हे यंत्र बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं. त्या काळजीत रात्र घालवू नका.

खरी चोरी झाली ती आतून. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर एका हजार डॉलरच्या टूर्नामेंटमधल्या उपविजेत्याला संशय आला. त्याने हातांचा तपशील मागितला, आणि साइटने त्याला चुकून अशी फाइल पाठवली जिच्यात सगळ्या खेळाडूंचे झाकलेले पत्ते होते. खेळाडूंनीच बसून ती उलगडली: जिंकणाऱ्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. अल्टिमेटबेटवरचा तसाच घोटाळा पुढच्या वर्षी उघड झाला, तोही खेळाडूंनी जुन्या हातांचे आकडे मांडून. त्यानंतरचं एक म्हणजे २०२३ च्या डिसेंबरअखेर जीजीपोकर या साइटने स्वतः कबूल केलं की एका खेळाडूने त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून माहिती काढून आपल्या जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधला होता. तो पकडला गेला तोही त्याचे आकडे माणसाचे वाटेनात म्हणून.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: हँड हिस्टरी उतरवून घेता येते का? आपल्या प्रत्येक हाताची नोंद आपल्या मशीनवर. बरोबर खेळताना आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर साइटने बंद केलं असलं तर माझी हरकत नाही, त्याने हौशी लोक टिकतात. पण नोंदच नाही, टेबलावर नावं लपवलेली, तर मग दोघे जण संगनमताने खेळले किंवा माणसाऐवजी खेळणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, बसला तर तुम्हाला पत्ता लागणार कसा? फेसबुक आणि कार्नेगी मेलनच्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर कसलेल्या व्यावसायिकांना हरवून दाखवलं. तेव्हापासून 'पोकर यंत्राला जमणार नाही' हे बोलणं संपलं. साइटला लेखी विचारा: गेल्या वर्षात बॉटची खाती बंद केलीत का, आणि त्यांच्याशी हरलेल्यांना पैसे परत दिलेत का? हो म्हणणारी साइट मला जास्त विश्वासाची वाटते. आमच्याकडे बॉटच नाहीत म्हणणारी एकतर बघत नाही, नाहीतर सांगत नाही.

साइट तुमच्या हरण्याजिंकण्यावरून मात्र जोखू नका. सहा जणांच्या कॅश गेममध्ये १०० हातांमागे चढउतार साधारण ९० बिग ब्लाइंडचा धरतात. १०,००० हात खेळलात तरी तुमच्या सरासरीत ९ बिग ब्लाइंडची प्रमाणित चूक राहते, म्हणजे दोन्हीकडे तिची दुप्पट धरली तर खरा ४ ने जिंकणारा माणूस उणे १४ पासून अधिक २२ पर्यंत कुठेही दिसू शकतो. तीन टेबलं, आठवड्याला दहा तास धरले तर १०,००० हातांना महिना लागतो आणि लाख हातांना जवळजवळ वर्ष. महिन्याभराच्या निकालावर "ही साइट लकी आहे" म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या टेबलावर बसा.

करांचं सांगितल्याशिवाय माझ्यातली ऑडिटर गप्प बसणार नाही. भारतात साइट स्वतःच निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस कापून मोकळी व्हायची. इथे फॉर्म आला काय न आला काय, जिंकलेलं सगळं दाखवायची जबाबदारी तुमची. आणि २०२६ पासून केंद्राच्या करात हरलेल्यापैकी ९० टक्केच वजा करता येतं, तेही खर्च मोजून वजावट घेतलीत तरच. म्हणजे वर्षात जिंकलेली सेशन्स २०,००० ची आणि हरलेली २०,००० ची असतील तर हातात शून्य, पण कर २,००० वर. न्यू जर्सी राज्याच्या करात त्याच वर्षाचं हरणं जिंकण्यातून पूर्ण वजा होतं. प्रत्येक सेशनची तारीख, वेळ, टेबल, निकाल लिहा, आणि साइट वर्षअखेरीचं विवरण सहज देते का हेही साइटच्या परीक्षेत धरा. व्हिसावर आहात, तेव्हा 'व्यावसायिक खेळाडू' हे शब्द करविवरणात लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा.

तर तुमचे ३,००० असे वापरा. लॉबीच्या नोंदींवरून दोन साइट्स निवडा. प्रत्येकीत १०० डॉलर भरा, बोनस न घेता. ओळखीची कागदपत्रं पहिल्याच दिवशी देऊन टाका, जिंकल्यावर द्यायला गेलात की त्यातच आठवडा जातो. दोनशे हात खेळा आणि ५० डॉलर काढायला टाका. टाकल्याची वेळ लिहा, बँकेत आल्याची वेळ लिहा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. एका रात्री अकरा वाजता ग्राहकसेवेला काहीतरी कंटाळवाणं विचारा, म्हणजे तीनच जण असतील तर रेकची मर्यादा किती, असं. उत्तर माणसाचं येतं की छापील, ते बघा. अटींमध्ये निष्क्रिय खात्यावरचं शुल्क आणि काढण्याची कमाल मर्यादा शोधा. हे सगळं पार पडलं की पाव-अर्धा डॉलरच्या टेबलापासून सुरू करा. टेबलावर बसताना घ्यायची रक्कम, म्हणजे बाय-इन, ५० डॉलरचा; तुमच्याकडे तसे ६० आहेत. पण साइटवर एका वेळी ६०० च्या वर ठेवू नका, बाकी तुमच्या बँकेत. परवाना कितीही चांगला असला तरी उसने कमीच द्यावेत.

भरण्याची मर्यादा खातं उघडतानाच लावा, आठवड्याला १५० वगैरे. इथल्या साइट्सना ती सोय द्यावीच लागते. तुमचा एकूण भरणा २,५०० डॉलरच्या वर गेला की नियमाप्रमाणे खातं थांबतं, आणि मर्यादांची, मदतीची माहिती वाचली असं मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. पुष्कळजण तो चौकोन न वाचता दाबतात. तो समोर आला तर त्या रात्री खेळू नका, वही काढा आणि ते २,५०० कुठे गेले ते बघा.

लॅपटॉपचं राहिलं. ऑफिसचा वापरू नका. तुम्ही खरंच न्यू जर्सीत आहात का हे तपासणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर दूरून ताबा घ्यायचं सॉफ्टवेअर किंवा व्हीपीएन दिसलं की दार बंद करतो, आणि ऑफिसच्या मशीनवर दोन्ही असतात. मॅनहॅटनला कामाला जात असाल तर फोनवर खेळ एडिसन ते सिकॉकसपर्यंतच. हडसनखालच्या बोगद्यात गाडी शिरली की हात अर्धा राहतो, आणि बोगद्याच्या पलीकडे न्यूयॉर्क, तिथे तो पुरा करायला कोणी देत नाही. माझे एकदा त्या बोगद्यात एक्के गेले होते.